लहान मुलांशी पट आणि पत्ते खेळताना

पावसाची झड लागलेली असते. शेतातली कामे थांबलेली असतात. अशा वेळी घरातले पाच वर्षांचे पोर सापशिडीचा पट घेऊन येते आणि म्हणते, "आजोबा, डाव मांडू या ना!" आपण डाव मांडतो. पंधरा मिनिटे मजेत जातात. मग पोराची सोंगटी सापाच्या तोंडी सापडते, ओठ बाहेर येतो, पट उधळला जातो आणि रडारड सुरू होते. आतून कोणीतरी म्हणते, "हरायचं की हो एकदा! लहान आहे ते."

आज मला या एका वाक्याविषयी बोलायचे आहे. मुलांशी खेळताना मोठ्यांनी मुद्दाम हरावे का?

माझाच अनुभव सांगतो. माझी नात सात वर्षांची असताना मी तिला नवकंकरी शिकवली. हा खेळ आपल्याकडे जुना आहे. जुन्या देवळांच्या ओट्यांवर आणि लेण्यांच्या दगडी फरशीवर त्याचे पट कोरलेले आढळतात. एकात एक तीन चौकोन काढायचे आणि त्यांच्या बाजूंचे मध्य रेघांनी जोडायचे. चोवीस जागा होतात. प्रत्येकाकडे नऊ खडे. तीन खडे एका रेघेत आले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. ज्याचे दोनच खडे उरले तो हरला. तर मी तिच्याशी तीन दिवस खेळलो आणि तिन्ही दिवस मुद्दाम हरलो. चौथ्या दिवशी तिने खडे मांडलेच नाहीत. म्हणाली, "आजोबा, काल तुमचे तीन जुळत होते. तुम्हांला दिसत होतं, तरी तुम्ही लावले नाहीत. मग मी जिंकले कशी?"

मला उत्तर सुचले नाही. पुढे आठवडाभर ती खरोखर चांगली चाल खेळली, तरी माझ्या तोंडाकडे बघायची. आपण जिंकलो की जिंकवले गेलो, हे तिला कळेना. तिचा आनंद मी वाढवायला गेलो होतो; उलट तिच्या खऱ्या जिंकण्यावरचाच तिचा विश्वास मी काढून घेतला होता.

मग काय, प्रत्येक डावात पोराला हरवायचे? तसेही नाही. वाट आहे, आणि ती खेळाच्या निवडीपासून सुरू होते.

चार-पाच वर्षांच्या मुलाशी आधी नशिबाचे खेळ खेळावेत. सापशिडीत फाशापुढे आजोबा आणि नातू सारखेच. पत्त्यांत भिकार-सावकार घ्या. पाने पिसून सारखी वाटायची, न बघता एकेक पान टाकायचे, खालच्या पानाशी जोडी जमली की सगळा ढीग आपला. इथे अक्कल चालत नाही, त्यामुळे कोणाला मुद्दाम हरावेही लागत नाही. मूल कधी जिंकते, कधी हरते, आणि हरल्यावरही आपण तेच आहोत, आजोबाही तेच आहेत, हे हळूहळू त्याच्या अंगवळणी पडते.

याच वयात आणखी एक लाभ पदरात पडतो. शिक्षक बंधुभगिनींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीग्लर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध केली. गरीब घरांतल्या शाळापूर्व वयाच्या मुलांशी त्यांनी एक अगदी साधा खेळ खेळला. एका ओळीत एक ते दहा आकड्यांची घरे, आणि सोंगटी पुढे न्यायची. दोन आठवड्यांत चार बैठकी, प्रत्येक बैठक पंधरा-वीस मिनिटांची. एवढ्याने मुलांची आकड्यांची समज वाढली, आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकलेली दिसली. ज्या मुलांच्या पटावर आकड्यांऐवजी नुसते रंग होते, त्यांना हा लाभ झाला नाही.

यातली मेख कुठे आहे पहा. सोंगटी चौथ्या घरात आहे आणि दोनचे दान पडले, तर ती मुले "एक, दोन" म्हणत नसत; घरातले आकडे वाचून "पाच, सहा" म्हणत. आपणही सापशिडी खेळताना हेच करावे. सत्तावीसवर सोंगटी असेल आणि तीन पडले तर मुलाने "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस" असे मोठ्याने म्हणावे. ओळ संपली की मूल अडखळते, कारण पुढची ओळ उलट दिशेने जाते. तिथे बोट धरून वळण दाखवावे, पण सोंगटी त्यालाच हलवू द्यावी. वेळ लागेल. लागू द्या!

मूल सहा-सात वर्षांचे झाले की नशीब आणि अक्कल दोन्ही लागणारे खेळ घ्यावेत. आपला चल्लस-आठ यासाठी उत्तम. पैसा लागत नाही. जमिनीवर कोळशाने पाच बाय पाच घरांचा पट आखा. कवड्या नसतील तर दोन चिंचोके उभे फोडा, चार डाळिंब्या होतात. जितक्या पांढऱ्या बाजूने पडतील तितके दान. चारही पांढऱ्या तर चार, चारही काळ्या तर आठ. दान नशिबाचे, पण कोणती सोंगटी हलवायची हे आपल्या हाती.

शाळेत हाच खेळ मोठ्या मुलांना गणित शिकवतो. शंभर दाने टाकून फळ्यावर टिपायला सांगा. दोनचे दान सर्वांत जास्त वेळा येईल, आठ क्वचित. का? चार डाळिंब्या पडण्याच्या सोळा तऱ्हा आहेत. त्यांत दोन पांढऱ्या आणि दोन काळ्या अशा सहा तऱ्हा, आणि चारही काळ्या अशी एकच. दोन्ही बाजू सारख्याच सहज पडत असतील, तर सोळांत सहा वेळा दोन आणि एकदाच आठ, असा सुमार निघतो. आठाच्या आशेवर बसणारा का हरतो, ते मूल स्वतः ताडते.

पत्त्यांबद्दल काही घरांत नाराजी असते. पत्ते म्हटले की जुगार आठवतो, आणि ज्या घराने जुगारापायी जमीन गमावलेली पाहिली आहे, त्या घराचे भय खोटे म्हणता येणार नाही. म्हणून नियम एकच ठेवा. पैसा लावायचा नाही, गोळीसुद्धा नाही. मग बदाम सात खुशाल खेळा. सत्तीच्या एका बाजूला छक्की, पंजी, दुसऱ्या बाजूला अठ्ठी, नव्वी लावता लावता चढता-उतरता क्रम पक्का होतो. चौघांत वाटली तर तेरा पाने हाती येतात, ती लहान मुठीत मावत नाहीत. पाट उभा करून त्याच्या आडोशाला मुलाला पाने मांडू द्या.

आता उरला नवकंकरीसारखा निव्वळ अकलेचा खेळ. इथे मोठा माणूस जिंकणारच. तेव्हा सवलत द्यावी, पण ती उघड, डाव सुरू होण्यापूर्वी सांगून. "तू नऊ खड्यांनी खेळ, मी सातांनी." किंवा "एक चाल तुला परत घेता येईल." चोरून दिलेली सवलत मुलाला फसवते, सांगून दिलेली सवलत खेळाचा नियम होते. मग मात्र आपण मनापासून खेळावे. मूल जिंकू लागले की आपले खडे सातांवरून आठांवर न्यावेत, आणि तेही त्याला विचारून.

आणि तरीही ते हरून रडले तर? "त्यात काय रडायचं?" असे म्हणू नये. त्याला वाईट वाटले आहे, ते खरे आहे. रडणे ओसरू द्यावे, उधळलेले खडे त्याच्याबरोबर वेचावेत, आणि डाव कुठे फिरला ते दोघांनी मिळून पाहावे. आपण हरलो तर आपणही मोकळेपणी म्हणावे, "मला वाईट वाटलं बुवा. चल, पुन्हा मांडू." हरणे कसे सोसायचे हे मूल आपल्याकडे बघूनच शिकते.

नातीला मी शेवटी खरे काय ते सांगितले. म्हटले, "चुकलो. आता सात खडे घेतो आणि खरा खेळतो." पहिले अकरा डाव ती हरली. दोनदा रुसलीही. बाराव्या डावात तिने माझा पाचवा खडा उचलला, उरलेले दोन मोजले, पुन्हा मोजले. या वेळी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलेसुद्धा नाही. उठली आणि "आई, मी जिंकले!" म्हणत थेट स्वयंपाकघरात धावली.