वादळाची सूचना आणि माणसाचे पाऊल

चक्रीवादळ निसर्ग निर्माण करतो, हे खरे; परंतु त्यात किती माणसे मरावीत हे निसर्ग एकटा ठरवीत नाही. बांगलादेशाचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळलेल्या वादळाने तीन ते पाच लाख माणसांचा बळी घेतला. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक नरसाळ्यासारखे निमुळते व उथळ आहे. वाऱ्याने लोटलेल्या पाण्याला तेथे पसरायला जागा मिळत नाही. ते उंच चढते आणि सखल बेटांवरून वाहत जाते. वाऱ्यापेक्षा हे पाणीच अधिक घातक ठरते.

स्वातंत्र्यानंतर रेडक्रॉस व शासन यांनी गावोगावी स्वयंसेवक नेमले. सायकल, कर्णा आणि झेंडे घेऊन ते सूचना देत. तरीही २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार लोक दगावले. असे का व्हावे?

संशोधकांनी वाचलेल्या लोकांनाच विचारले. १,१२३ व्यक्तींच्या एका पाहणीत असे आढळले की, पक्क्या इमारतीत पोचलेले सर्वजण वाचले होते. न पोचलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के मृत्युमुखी पडले. चाळिशीपुढील स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण ३१ टक्के, तर दहा वर्षांखालील मुलांत २६ टक्के होते. सूचनांचे क्रमांक मुळात बंदरातील जहाजांसाठी ठरलेले. शेतकऱ्याला त्यांचा अर्थ उमगत नसे. निवारे थोडे आणि दूर. गुरेढोरे सोडून जाववत नसे. परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढण्याचा संकोच स्त्रियांचे पाऊल अडवीत असे. म्हणजे वेधशाळेचे काम संपते तेथून समाजशास्त्राचे सुरू होते.

या उत्तरांचा उपयोग झाला. एरवी शाळा म्हणून वापरता येतील असे निवारे वाढले, त्यांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, गुरांसाठी मातीचे उंचवटे झाले, स्वयंसेवकांत स्त्रियाही आल्या. नोव्हेंबर २००७ मधील ‘सिद्र’ हेही अतितीव्र वादळ होते. त्यात सुमारे ३,४०० माणसे गेली. सुंदरबनच्या जंगलाने लाटेचा जोर काहीसा अडविला, हेही श्रेय नोंदविले पाहिजे.

तथापि प्रश्न येथे संपत नाही. मे २००९ मध्ये ‘आयला’ वादळाने बांध फोडले आणि खारे पाणी शेतांत शिरले. जीव वाचलेल्या कुटुंबांजवळ पिकाऊ जमीन उरली नाही. अनेकांना गाव सोडावे लागले. समुद्राची पातळी वाढत असताना असे प्रसंग अधिक गंभीर होणार. तेव्हा निवारा एका रात्रीचा प्रश्न सोडवितो. नंतरच्या वर्षांसाठी भक्कम बांध, क्षार सोसणारे भात, गोड्या पाण्याचे तळे यांची तजवीज लागते.

यातील प्रत्येक उपायापूर्वी कोणीतरी पीडितांच्या दारी जाऊन, ‘तुम्ही का निघाला नाहीत?’ असे दोष न देता विचारले होते. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकणाऱ्या आपणांस असे प्रश्न विचारता आले पाहिजेत.