उन्हातील कुंपणासाठी सदाहरित फुलझाडे व वेल

भातकापणी आटोपली की आटगाव, शहापूर व मुरबाड या बाजूस जनावरे मोकळी सुटतात आणि परसबागेस कुंपण घालण्याची निकड लागते. रानातून करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून आणावयाच्या व मेढी रोवून त्यांची वई करावयाची, हा जुना परिपाठ होय. परंतु ही वई पावसाळ्यात कुजते, उरलीसुरली वाळवी फस्त करते, आणि पुढील साली पुन्हा कोयता घेऊन रान गाठावे लागते. यात मजुरी जाते, आणि रानही ओरबाडले जाते.

जी करवंदी आपण दरसाल तोडून मेलेली लावतो, तीच जिवंत का लावू नये, असा आमचा शेतकरी बंधूंस प्रश्न आहे. उन्हातील कुंपणासाठी झाड निवडताना प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात : ते मुरमाड जमिनीत, वैशाखातील उन्हात पाण्यावाचून तगते काय, शेळ्या त्यास तोंड लावतात काय, आणि बारमाही हिरवे राहते काय. फुलांची शोभा त्यानंतर पाहावी. जास्वंद दिसते सुरेख, पण तिचा पाला शेळ्यांस फार प्रिय. उघड्या बांधावर तिचा निभाव लागणे कठीण.

करवंदी या तिन्ही कसोट्यांस उतरते. उन्हाळ्याच्या तोंडी तिला पांढरी सुवासिक फुले येतात, आणि पुढे फळेही मिळतात. पिकलेल्या फळांचे बी धुऊन, सावलीत सुकवून लागलीच पेरावे; साठविल्यास त्याची उगवणशक्ती लवकर जाते. एक वर्षाची रोपे दुसऱ्या साली पावसाच्या आरंभी दोन-दोन फुटांवर, दोन ओळींत, एकाआड एक लावावीत. शेंडे वेळोवेळी खुडल्यास बुंध्यापासून फांद्या फुटून खालची फट बुजते. मात्र कोवळ्या रोपांस शेळ्या सोडीत नाहीत व वाढही सावकाश होते; म्हणून पहिली तीन-चार वर्षे बाहेरून जुन्या पद्धतीची वई राखलीच पाहिजे.

रोपांच्या मधल्या जागी अडुळसा लावावा. तो फांदीपासून सहज लागतो, त्याचा कडू पाला जनावरे सहसा खात नाहीत, व त्याची पांढरी फुले मधमाश्यांस आवडतात. फाटकाच्या खांबांवर बोगनवेल चढवावी. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या काटेरी वेलीस भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन पाहिजे. आपण जिला फूल म्हणतो ती तिची रंगीत पुष्पपत्रे. खरे फूल आत लहानसे असते. पाणी फार दिल्यास नुसता पाला माजतो. कडक उन्हाळ्यात ती थोडी पाने गाळते, हे ध्यानात ठेवून तिच्यावर आडोशाची सारी भिस्त ठेवू नये.

आता एक इशारा. कण्हेर सदाहरित, काटक व बारमाही फुलणारी आहे, आणि जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून पुष्कळजण ती कुंपणास लावतात. परंतु तिचे सर्व अंग विषारी असून ते विष हृदयावर आघात करते. पाने वाळली तरी विष जात नाही. उभ्या झाडास न शिवणारी गाय छाटलेला पाला वैरणीत मिसळल्यास तो खाऊन दगावते. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तशीच घातक. तिच्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याने ही दोन्ही झाडे गोठा व गंजीपासून दूर ठेवावीत, छाटणी गोळा करून खोल पुरावी. नाहीतर ती लावूच नयेत. घाणेरीचा पालाही गुरांस बाधतो व ती रान व्यापते. फुलांस भुलून ती बांधावर आणू नये.

करवंदे पिकतील तेव्हा पसाभर बी राखून ठेवावे आणि पाऊस सुरू होताच वाफ्यात टाकावे, एवढीच आमची वाचकांस विनंती. चार वर्षांनी कोयता रानात न नेता कुंपणाची छाटणी करण्यास हाती घ्यावा लागेल.