रोग कुठून आला? विषाणूच सांगतो!



लाळ्या-खुरकूत आपल्याला नवी नाही. बैलाच्या तोंडातून लाळ गळते, खुरांच्या बेचक्यात फोड येतात, जनावर चारा टाकतं. ऐन हंगामात गाडी सुटते, गाईचं दूध आटतं. मग गावात एकच वाद : रोग आणला कुणी? कुणी बाजाराचं नाव घेतो, कुणी तोडणीवाल्यांच्या बैलांचं. पुरावा मात्र कुणाकडेच नसतो.

हा पुरावा विषाणूच्या अंगातच असतो. त्याचा जनुकीय मजकूर सुमारे ८ हजार अक्षरांचा आहे. विषाणू वाढतो तसतशा या मजकुराच्या नकला होतात आणि नकलेत एखादे अक्षर चुकते. सातबाऱ्याच्या नकलेत पडलेली चूक पुढच्या नकलांत उतरावी, तशी ही चूकही पुढे चालत राहते. दोन गोठ्यांतल्या विषाणूंच्या चुका ताडून पाहिल्या की रोगाची वाट बऱ्याच अंशी उलगडते.

याच पद्धतीने, २००१ साली ब्रिटनमध्ये ६० लाखांवर जनावरे मारावी लागली त्या साथीच्या विषाणूचे नाते १९९० मध्ये उत्तर भारतात आढळलेल्या वाणाशी जुळले.

पुढे ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात पुन्हा रोग निघाला. मजकूर तपासला तर हा वाण प्रयोगशाळेत जपलेला जुना, १९६७ सालचा! जवळच पिरब्राइट येथे या रोगाची प्रयोगशाळा व लस कारखाना होता. तिथल्या नादुरुस्त सांडपाण्याच्या नळांतून विषाणू निसटल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला.

साथ संपली असे वाटत असतानाच सप्टेंबरमध्ये काही मैलांवर रोग पुन्हा उमटला. विषाणू नव्याने निसटला की काय? शास्त्रज्ञांनी अक्षरे मोजली. विषाणू ऑगस्टमधल्याच साथीचा होता, पण चुका बऱ्याच वाढल्या होत्या. म्हणजे मधल्या एखाद्या गोठ्यात रोग नजरेआड होऊन गेला असावा. पुढे तपासणीत तसा गोठा सापडलाही. तिथल्या जनावरांचे व्रण जुने, भरत आलेले होते.

मंडळी, असा मधला गोठा आपला तर नाही ना? नजरेतून सुटलेलं एक दुखणं साऱ्या शिवाराला भोवतं. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून ही लस मोफत मिळते. दर सहा महिन्यांनी ती टोचून घ्या. फोड दिसताच जनावर वेगळे बांधा, बाजारात किंवा गाडीला नेऊ नका आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. डॉक्टर नमुना मागतील तर नाही म्हणू नका. फोड ताजा असेल तर नमुना चांगला मिळतो.

दुखणं लपवलं तर शेजाऱ्याची दावण रिकामी व्हायची!