पाया खोदताना नाणी सापडली तर...

मुलुंडमध्ये जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहताहेत. मातीत शिवराई किंवा राणीछाप रुपया लागला, तर हे लक्षात ठेवा:

• कायदा : भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८.

• सूचना : १० रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक. मुलुंडसाठी मुंबई उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, वांद्रे (पूर्व).

• लपवल्यास : १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

• वाटणी : पुरणाऱ्याचा वारस न मिळाल्यास, वेगळा करार नसल्यास, शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागामालकाला एक चतुर्थांश.

• मेटल डिटेक्टर : तो घेऊन संरक्षित स्मारकात किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात विनापरवाना खोदकाम केल्यास गुन्हा.

• जपणूक : नाणं चिंच-लिंबाने घासू नका, अक्षरं झिजली की ओळखच पुसली जाते.