आज्ञावलीविना आराखडा : नावाच्या रकान्याचे एक उदाहरण

लेखनाला जसा कच्चा खर्डा, तसा वेब-उपयोजनाला प्रोटोटाइप. वापरणाऱ्याने काय भरावे, कोणते बटण दाबावे आणि त्यानंतर काय घडावे, हे पूर्ण बांधणीपूर्वी पडताळण्याचा तो नमुना होय. असा चालता नमुना घडवण्यास पूर्वी आज्ञावलीकाराची गरज भासे. चेन्नईत विकासकार्य चालवणाऱ्या अ‍ॅडव्हेंटनेटने (२००९ पासून झोहो कॉर्पोरेशन) २००६ मध्ये आणलेल्या ‘झोहो क्रिएटर’मध्ये मात्र तयार रकाने माउसने ओढून पडद्यावर मांडले की अर्ज सिद्ध होतो. ‘डेल्यूज’ ही त्याची आज्ञाभाषा अधिक गुंतागुंतीच्या व्यवहारांसाठी लागते.

तथापि तयार रकाना संस्कृतिनिरपेक्ष नसतो. ‘नाव’ या रकान्यात पहिले नाव आणि शेवटचे नाव असे कप्पे असतात. तमिळ रीतीत आडनाव बहुधा नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर स्वतःच्या नावाआधी येते. मराठी रीतीत स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. दोहोंनाही या चौकटीत आपल्या नावाचे एक प्रकारे भाषांतर करावे लागते. हे कप्पे बदलता येतात, किंवा त्यांऐवजी एका ओळीचा साधा रकाना घेता येतो. परंतु त्यासाठी मुळात ही अडचण कोणाच्या तरी लक्षात यावी लागते. नमुना प्रत्यक्ष वापरणाऱ्यांपुढे ठेवण्याचे प्रयोजन हेच. आज्ञावली लिहिण्याची गरज सरली, तरी साधनात दडलेले नावाचे व्याकरण कायम राहते, आणि त्याची चिकित्सा तौलनिक अभ्यासाच्या कक्षेत येते.