भयकथेतील वाडा

आश्विन महिना लागला आणि रात्री लांबू लागल्या, की मराठी वाचकांना दिवाळी अंकांचे वेध लागतात. ही परंपरा ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली सुरू केली. या अंकांतील भयकथा अनेकजण आवडीने वाचतात.

झपाटलेल्या वास्तूची कादंबरी इंग्रजीत रूढ केली ती होरेस वॉलपोल याने, १७६४ साली. त्याच्या कथेत जुना किल्ला होता. मराठीत नारायण धारप (१९२५-२००८) यांनी भयकथा घरोघरी पोचविली.

चिखलीसारख्या वऱ्हाडातील गावांत पडका वाडा कोणास ठाऊक नसतो? तो रात्रीच का भिववितो? दिवसा उन्हाने तापलेले लाकूड रात्रीच्या गारव्याने आकसते आणि करकरते. भिंतीच्या खबदाडीत राहणारे गव्हाणी घुबड एकाएकी चीत्कारते. कारण कळले नाही, म्हणजे उरलेली कथा मन रचते. कुशल लेखक हे जाणतो. तो भूत लवकर दाखवीत नाही. नुसते दार करकरवितो आणि वाचकास वाट पाहावयास लावतो.

पुस्तक मिटले, की ही भीती सरते. म्हणून ती रंजक वाटते. परंतु हीच भीती दाखवून भोंदू लोक भोळ्यांना लुबाडतात. उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखणाऱ्या घुबडालाही अपशकुनी ठरवून मारले जाते. अशा भोंदूंना आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला.

मुलांनो, भयकथा अवश्य वाचा. परंतु रात्री घरात करकर ऐकू आली, तर आधी तुळईकडे पाहा.