हिंगोलीचा अनुशेष मोजायचा कसा?

भारताच्या राज्यघटनेत मराठवाड्याचा नावानिशी उल्लेख आहे, हे ठाऊक आहे तुम्हाला? कलम ३७१ काढा, त्याचं दुसरं उपकलम वाचा. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगवेगळी विकास मंडळं नेमण्याची आणि विकासाचा पैसा न्याय्य रीतीनं वाटला जाईल हे पाहण्याची खास जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर टाकू शकतात, असं तिथं लिहिलंय. शिवाय या मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे आलाच पाहिजे. ही तरतूद घटनेत शिरली १९५६ साली, सातव्या दुरुस्तीनं. तेव्हा महाराष्ट्र राज्य जन्मायचं होतं आणि हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता.

१९५३ च्या नागपूर कराराची ती पुढची पायरी. विधिमंडळाचं वर्षातलं एक अधिवेशन नागपूरला भरतं, तेही त्याच कराराचं देणं. आता गंमत बघा: तरतूद १९५६ ची आणि मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ च्या १ मे रोजी. मधली अडतीस वर्षं कलम नुसतं कागदावर बसून होतं!

तोवर एक अवघड प्रश्न मात्र हातावेगळा झाला होता. एखादा भाग मागे आहे, हे सिद्ध करायचं कशानं? सभागृहात ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं कुणीही म्हणेल. आकडा कुठून आणायचा?

१९८३ साली राज्य सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं निवडलेली रीत शाळकरी पोरालाही कळेल इतकी सोपी आहे. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने अशी एकेक बाब घ्यायची. तिची राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट म्हणजे अनुशेष. सरासरीच्या वर असलेल्याचं काही कापायचं नाही. मग ही तूट भरून काढायला किती रुपये लागतील ते मांडायचं. १९८४ च्या अहवालात राज्याचा अनुशेष निघाला ३,१८६ कोटी रुपयांवर, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. पुढे दुसऱ्या समितीनं १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून नव्यानं मोजमाप केलं, तेव्हा एकट्या मराठवाड्याचा आकडा ४,००० कोटींवर गेला.

सिंचनाचा हिशेब तर आणखी चक्रावून टाकतो. वसमतकडच्या एकरभर उसाला बारा महिने पाणी लागतं. सेनगावकडच्या एकरभर रब्बी ज्वारीचं तीन-चार पाळ्यांत भागतं. मग ‘एक हेक्टर भिजलं’ म्हणजे नक्की किती भिजलं? यावर तोड काढली ती अशी: सगळी पिकं रब्बी ज्वारीच्या हिशेबात बदलून घ्यायची. ऊस, कापूस, गहू, सगळ्यांचं एकच माप. फायलींत याला ‘रब्बी समतुल्य’ हेक्टर म्हणतात. मुंबईतल्या वातानुकूलित दालनात पाण्याच्या न्यायनिवाड्याची चर्चा रंगते, आणि तिथं मापाचा गज असतो आपल्या शेतातली ज्वारी. मला तर हे वाचून अधिकाऱ्यांविषयी एकदम आपुलकी वाटली होती.

आता हिंगोलीकडे येऊ. जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, परभणीतून फुटून. हिशेबाची तारीख मात्र १९९४ ची. त्या वहीत हिंगोली नावाचा जिल्हाच नाही! घरात खातेफोड व्हावी, सातबारा वेगळे निघावेत, आणि सावकाराकडून यायचं येणं मात्र थोरल्याच्याच नावावर राहावं, तसं हे झालं.

आणि नुसतं नाव बदललं असतं तर फारसं बिघडलं नसतं. सरासरीची खरी जादू पुढे आहे. समजा, एका जुन्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, प्रत्येकी १०० हेक्टरचे. पहिल्यात ४० हेक्टर भिजतं, दुसऱ्यात १०. राज्याची सरासरी शंभराला ३० धरू. एकत्र जिल्ह्यात २०० हेक्टरांपैकी ५० भिजतं, भिजायला हवं ६०. अनुशेष १० हेक्टर. आता जिल्हा फोडा. पहिला भाग सरासरीच्या वर गेला, त्याचा अनुशेष शून्य. दुसऱ्यात ३० हवे होते, आहेत १०. अनुशेष २० हेक्टर. पाण्याचा एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही, एक फावडं माती उचलली गेली नाही. नकाशावर रेघ मारली आणि अनुशेष दुप्पट! म्हणजे जुन्या हद्दीत निम्मी तहान लपून बसली होती.

परभणीकडे जायकवाडीचा डावा कालवा येतो, पूर्णा प्रकल्पाचं पाणी येतं. हिंगोलीच्या हद्दीत औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे, कळमनुरीच्या कडेला पैनगंगेवर इसापूर आहे. नकाशा पाहणाऱ्याला वाटावं, काय पाणीदार जिल्हा! पण धरण ज्या हद्दीत, पाणी त्याच हद्दीत, असा नियम नाही. कालवा उताराकडे धावतो. खरबीजवळून कयाधू नदीचं पाणी इसापूरकडे वळवायची योजना निघाली तेव्हा हिंगोलीकर बिथरले, ते उगाच नाही. आणि जिल्ह्याच्या आत पुन्हा तोच खेळ: पूर्णेच्या कालव्यावर वसमतला हळद आणि ऊस डोलतो, सेनगावचा शेतकरी मात्र आभाळाकडे बघतो. पाच तालुक्यांची सरासरी काढली की सेनगावची तूट वसमतच्या हिरवाईत विरून जाते. माझं मत विचाराल तर, सिंचनाचा अनुशेष तालुकावार मोजल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आणखी एक चकवा आहे. रुपयांतला अनुशेष आणि जमिनीवरचा अनुशेष एकच नव्हे. १९९४ च्या भावानं मांडलेली रक्कम खर्ची पडली की वहीत खातं बंद होतं. पण तोवर सिमेंट महागलेलं, भूसंपादन महागलेलं, तेवढ्या पैशात तेवढे हेक्टर भिजत नाहीत. अमरावती विभागात नेमकं हेच घडलं. पैसा दिला गेला, तरी सिंचनाची भौतिक तूट शिल्लक राहिली. शिवाय १९९४ ची सरासरी तिथंच गोठवलेली. पुढे असलेले पुढे सरकत राहिले, त्याची मोजदाद या अनुशेषात नाही.

या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती पुन्हा स्थापन करण्याची शिफारस करायचं ठरवलं. मंडळांनी किती भलं केलं यावर वाद घालता येईल, त्यांना दात नव्हते ही तक्रारही खरी. पण मंडळ असलं की वार्षिक अहवाल विधानसभेपुढे येणं बंधनकारक होतं, आणि तो अहवाल हातात असला की मागच्या बाकावरच्या आमदारालाही मंत्र्याला पेचात पकडता येत होतं. २८८ जणांच्या सभागृहात वसमत, कळमनुरी आणि हिंगोली असे तीनच आमदार या जिल्ह्याचे. त्यांचं बळ हात वर करण्याच्या मोजणीत फारसं नाही, आकड्यात आहे.

तेव्हा पुढच्या अधिवेशनाआधी तुमचे आमदार गावात आले, तर त्यांना तारांकित प्रश्नाचा मजकूर तुम्हीच सुचवा. नुसतं ‘हिंगोलीचा अनुशेष किती?’ असं विचारलं तर गुळमुळीत उत्तर मिळेल. कोणत्या तारखेचा, कोणत्या हद्दीचा, रुपयांतला की हेक्टरमधला, आणि पाचही तालुक्यांचा वेगवेगळा किती, असं विचारायला सांगा.